दोघांपुरत्या मोटारीची गळती

काय गळते आहे ते आधी ठरवावे, कोठून गळते ते त्यानंतर पाहावे, आणि का गळते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. हा क्रम मी पुढे कितीतरी वर्षे वर्गात शिकवला. मुले तो पाठ करीत आणि परीक्षेत फुटक्या माठाचे उदाहरण देत. मी स्वतः तो ज्या दिवाळीत शिकलो त्या दिवाळीत माठ नव्हता. माझ्या काकांची मोटार होती. क्रम आम्ही चोख पाळला. तरीही जे हाती लागायला हवे होते ते लागले नाही.

त्या वेळी मी वाशीमच्या शाळेत शिक्षक होतो आणि सुटी लागली की रिसोडला काका-काकूंकडे जात असे. त्यांना मूलबाळ नव्हते. काकांची शेती बरी होती, माणसे त्यांना मानीत, आणि त्यांना सबंध आयुष्यात एकच छंद लागला, तो त्या मोटारीचा. मोटार लांब नाकाची, वरून उघडी, आणि फक्त दोन माणसांपुरती होती. शर्यतीत पळवण्यासाठी बनवलेल्या जातीची. कोणी गोरा अधिकारी बदलीवर जाताना ती कारंज्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याला देऊन गेला होता. व्यापाऱ्याच्या घरात माणसे पुष्कळ आणि मोटारीत जागा दोन, त्यामुळे ती त्याच्या दारात धूळ खात पडली. काका दर वर्षी कापूस घेऊन कारंज्याला जात आणि मोटारीभोवती फेरी मारल्याशिवाय परतत नसत. शेवटी एका हंगामाच्या सौद्यात ती त्यांच्या पदरात पडली.

रिसोडच्या बाजारात तिला ‘अर्धी मोटार’ म्हणत.

“काय भाऊ, बाकीची अर्धी उद्या येनार हाय का?” कोणीतरी दुकानातून विचारी.

“ते तुह्या सासऱ्यानं ठेवून घेतली,” काका न थांबता उत्तर देत.

मी सांगतो त्या दिवाळीपर्यंत मोटार जुनी झाली होती आणि काकांची दृष्टी जवळजवळ गेली होती. अकोल्याच्या डॉक्टरांकडे त्यांना गेल्या साली मीच नेले होते. डॉक्टरांनी आजाराचे नाव काचबिंदू असे सांगितले आणि माझा व्यवसाय विचारून घेऊन मला समजेल अशा भाषेत तो समजावला. डोळ्याच्या आत सतत थोडे पाणी तयार होते आणि ते बाहेर जाण्यासाठी एक बारीक वाट असते. ती वाट बुजली की पाणी कोंडते, आतला दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली दृष्टीची शीर हळूहळू मरते. मेलेली शीर परत जिवंत होत नाही. काकांचा एक डोळा पूर्ण गेला होता. दुसऱ्याने त्यांना समोरचे तेवढे दिसे, बांबूच्या नळकांडीतून पाहावे तसे. बाजूचे काही नाही. औषधाचे थेंब दिले होते. ते घातल्याने जाणे लांबेल, टळणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

काकांनी ते ऐकून घेतले आणि एकच गोष्ट ठरवली. केनवडला माझी आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, दिली होती. मोटार आल्यापासून दर भाऊबीजेला ते ती स्वतः चालवत केनवडला जात. वेशीपाशी भोंगा वाजला की आत्या निरांजन लावायला घेई. यंदाही तसेच जायचे. मी शेजारी बसायचे आणि त्यांना न दिसणाऱ्या दोन्ही बाजू बोलून दाखवायच्या.

“दमणीत बसून गेलो तं मले कोनी तरी नेलं, असं होईन,” ते म्हणाले. दमणी म्हणजे आमच्याकडची दोन बैलांची हलकी सवारी गाडी. “मोटार हाकत गेलो तं मी आलो, असं होईन. यंदा तेवढं होऊ दे. पुढच्या साली पोत्यावानी उचलून नेलं तरी गुमान बसीन.”

शाळेला सुटी लागून मी रिसोडला पोहोचलो, तेव्हा मोटार अंगणात लिंबाखाली उभी होती, तिच्या पोटाखाली तेलाचे थारोळे होते, आणि शेजारी मिस्त्री उकिडवे बसले होते.

मिस्त्री रिसोडचेच. कारंज्याच्या एका जिनात सरकी काढणारी यंत्रे दुरुस्त करीत त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. आता सर्व्हिस मोटारी थांबत तेथे त्यांचे दुकान होते. काकांशी त्यांची जुनी दोस्ती. ते काकूला भाभी म्हणत आणि रमजानच्या ईदला शिरखुर्म्याची बरणी आमच्याकडे पोचवीत.

“कधीपासून गळतं?” मी विचारले.

“थोडं थोडं तं गेल्या सालापासून,” मिस्त्री म्हणाले. “पन दसऱ्यापासून लई गयून राह्यलं, मास्तर. भरलं का गयते, भरलं का गयते. ह्या बाईचं पोटच नाई भरत.”

मी क्रम लावला. आधी काय गळते ते. बोटावर घेतले, तेल घट्ट, पिवळसर, उग्र वासाचे होते. इंजिनाचे तेल पातळ आणि काळे असते. तेव्हा हे गिअरच्या पेटीतले तेल, यात शंका राहिली नाही. ज्यांनी ही पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेताना तो कधी सावकाश आणि दमदार, कधी वेगात असा द्यावा लागतो. त्यासाठी लहानमोठ्या दातेरी चक्रांचा एक संच एका बंद लोखंडी पेटीत बसवलेला असतो, आणि ती चक्रे घट्ट तेलात बुडालेली असतात. पेटीच्या पुढून एक दांडा आत येतो, मागून एक बाहेर जातो, आणि वर झाकण असते. म्हणजे तेल बाहेर यायला जागा तीनच: पुढचा दांडा, मागचा दांडा, आणि झाकणाची कड.

यांपैकी कोणती, हे पाहण्यासाठी मिस्त्रींनी सगळे पोट घासलेटने धुतले. मी शाळेतून आणलेले खडू कुटून बारीक पूड केली आणि ती फडक्याच्या पुरचुंडीने पेटीवर सर्वत्र थापली. पांढऱ्यावर तेलाचा पहिला ओघळ लगेच उठून दिसतो. मग काकांनी मोटार बाजाराच्या मैदानाभोवती फिरवून आणली. मी बाजूला बसून “उजवीकडे गाय”, “डावीकडे बाई” असे सांगत होतो. मैदान ओळखीचे, वेग थोडा, तरी मी दाराची कड घट्ट धरून होतो. काका मात्र मान किंचित वर करून, ताठ बसून होते. चाक हाती आले की त्यांची पाठ आपोआप सरळ होई.

परतल्यावर मी वाकून पाहिले. मागच्या दांड्यापाशी पूड भिजली होती.

“नमदा गेला,” मिस्त्री म्हणाले. त्या दांड्याभोवती तेल अडवायला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती असते. जुनी कडक झाली होती. त्यांनी घोड्याच्या खोगिरातला चांगला नमदा मिळवला, चकती कापली, तेलात भिजवली आणि बसवली. मागची गळती थांबली. काकांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली, काकूने सर्वांना चहा दिला.

दुसऱ्या फेरीला झाकणाच्या कडेने तेल आले.

झाकणाखाली पुठ्ठ्याची पट्टी असते, ती बदलायची तर झाकण उचलायला हवे. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चालकाच्या पायाजवळची फळी काढली की पेटीचे झाकण उघडे पडे, आणि त्या झाकणावर, मधोमध, शेंदराचा एक लहानसा उंचवटा होता. मोटार घरी आली त्या पहिल्या दसऱ्याला काकूने पूजेचे तबक हातात घेऊन विचारले होते, “अवो, हिच्यातला देव कुठी हाय?” काकांनी तिला इंजिन दाखवले, पण इंजिन तापले की शेंदूर वितळून ओघळतो. तेव्हा त्यांनी फळी काढून पेटीच्या झाकणावरचे एक वाटोळे पितळी बोंड दाखवले होते. “चालवते ते ही पेटी. इथं लाव.” तेव्हापासून दर दसऱ्याला तेथे तेलात कालवलेला शेंदूर लागे. आमच्या मारुतीला लागतो तसाच. आधीचा न काढता, थरावर थर.

मिस्त्रींनी झाकणाचे सगळे पेच काढले, पण झाकण उलटे केले नाही. उलटे केले असते तर देव खाली झाला असता. “भाभी, तुमीच धरा,” ते म्हणाले. काकू हात धुऊन आली, तिने झाकण दोन्ही हातांनी सरळ उचलून धरले, आणि मिस्त्रींनी मान वाकडी करून खालून त्याच्या कडा पुसल्या, जुना पुठ्ठा खरवडला. झाकणाचा वरचा भागही त्यांनी घासलेटच्या फडक्याने लख्ख केला; शेंदूर मात्र वळसा घालून सोडला. त्यांची ती रीत मी नेहमी पाहिली होती. जिनातल्या यंत्रांवरही नारळ फुटत, शेंदूर लागे, आणि तेथे त्यांचा हात कधी जात नसे.

नवा पुठ्ठा बसला. झाकणाची कड कोरडी झाली. आणि तिसऱ्या फेरीत, मैदानाच्या चढावर, मोटार नुसतीच ओरडू लागली. इंजिन धावते आहे, चाके जवळजवळ जागेवर. मिस्त्रींनी धावत येऊन वास घेतला.

“आता समोरून आलं. क्लचवर गेलं तेल. पकडच नाई राह्यली.”

याचा अर्थ सोपा होता. मागे बंद केले तर तेल वर आले. वर बंद केले तर पुढे आले. पुढचे बंद करायचे तर सबंध पेटी उतरवायला हवी, आणि तेवढे सामान रिसोडात नव्हते. मिस्त्रींनी क्लच घासलेटने धुऊन वाळवला. पेटी गळत राहिली तर तो पुन्हा भिजणार हे उघड होते. लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला होता. घराघरांतून तळणीचा वास येत होता, आणि आम्ही तिघे लिंबाखाली मोटारीपाशी बसलो होतो. काका तर तिच्याकडे पाहतही नव्हते. मान खाली घालून बसले होते.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “हिचेही दिवस भरले, माहेही भरले. सांगा दमणीवाल्याले.”

काकू ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. “असं अभद्र बोलू नका सनासुदीचं.”

“मंग काय बोलू? तूच सांग.”

मला त्या वेळी एकच गोष्ट टोचत होती. तीन जागा एकाच काळात निकामी व्हाव्यात, हे मला पटत नव्हते. शिवाय उभ्या मोटारीतून तेल गळत नसे. ती चालून तापल्यावरच गळे, आणि आम्ही जेथे अडवू तेथून वळून दुसरीकडून वाट काढी. जणू आतून कोणी लोटत होते. आणि मग मला अकोल्याचा तो दवाखाना आठवला, डॉक्टरांची बोटे आठवली. पाणी बाहेर जायची वाट बुजली की आतला दाब वाढतो.

“मिस्त्री,” मी म्हणालो, “पेटी तापली की आतली हवा फुगते. ती जाते कुठून?”

“जाते ना. वरतून. वरती बोंड असते, त्याले बारीक भोक असते.”

“कोणतं बोंड?”

मिस्त्रींनी तोंड उघडले आणि तसेच ठेवले. त्यांनी काकूकडे पाहिले, मग फळीच्या खाली, मग आपल्या हातांकडे.

“ते... भाभीच्या शेंदराखाली हाय.”

काकांनी मान वर केली.

“तुले ठाऊक होतं?” काकांनी विचारले.

“ठाऊक म्हंजे, सबंध पेट्यांले असते. मले वाटलं भाभी भोक सोडून लावत असन.”

“मले कोनी सांगतलं तिथं भोक हाय म्हनून?” काकू म्हणाली. “मले तं ह्यांनी सांगतलं, इथं देव हाय.”

“आन् मले वाटलं तू साफ करतानी खालचं पायत असशीन,” काका मिस्त्रींना म्हणाले.

“मी कायले हात लावीन भाऊ तुमच्या देवाले?”

काका हसू लागले. पहिल्यांदा बारीक, मग खांदे हलेपर्यंत. मिस्त्रीही हसले. काकू हसली नाही, म्हणून मीही हसता हसता थांबलो. काकांना ते दिसले नसावे. ते माझ्या दिशेला वळून म्हणाले, “वा मास्तर! मोटारीचं सापडलं. आता माह्या डोयाचं बोंड कुठी हाय, ते पाय ना.”

मी पायाखालचा खडूचा तुकडा चपलेने चिरडला.

मिस्त्री दाभण आणायला उठले, तेव्हा काकू ओसरीवरून खाली आली आणि मोटारीच्या दारापाशी उभी राहिली.

“त्याले हात लावू नका कोनी,” ती म्हणाली.

तिने सांगितले ते असे. अकोल्याहून आम्ही परतलो त्या आठवड्यात तिने मारुतीला नवस बोलला होता. मारुतीच्या देवळात दर शनिवारी बायकांची आणि नात्यातल्यांची गर्दी; तिला कोणी विचारायला नको होते. म्हणून तिने दर शनिवारी, काका शेतात गेले की, फळी काढून मोटारीतल्या देवाला शेंदूर लावायला सुरुवात केली. ह्यांना चालवता येऊ दे, एवढेच मागणे. डोळे बरे कर असे मागायचे धाडस तिला झाले नव्हते. दसऱ्याला तिने नेहमीपेक्षा जाड थर लावला होता, कारण तोवर काकांना ताटातली वाटी सापडेनाशी झाली होती.

हे ऐकल्यावर गळतीचा सगळा इतिहास माझ्यासमोर सरळ मांडला गेला. गेल्या सालापासून थोडी, दसऱ्यापासून फार. तो हिशेब मी मोठ्याने बोललो नाही. त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

“लावलेला शेंदूर मानसानं काढत नसते,” काकू म्हणाली. “देव सोतानं सोडते. गावच्या मारुतीनं नाई सोडली शेंदराची खोय? सबंध गावानं वाजतगाजत नदीत नेली. तसं त्याच्या मनात आलं तं तो सोडीन. मी मधी काढला आन् ह्यांचं उरलंसुरलं गेलं, तं मी कोनाले तोंड दाखवू?”

“अवं, जे जायचं ते जाऊनच राह्यलं,” काका म्हणाले.

“जाऊ दे. माह्या हातानं नको जायले.”

यावर वाद घालता येईना. मला भौतिकशास्त्र येत होते आणि मिस्त्रींना यंत्र, पण ती जे म्हणत होती त्याच्या आत शिरायला आम्हा दोघांनाही दार नव्हते. काकांनीही जोर केला नाही. मला वाटते, त्यांनी हुकूम केला असता तर ती बाजूला झाली असती, आणि म्हणूनच त्यांनी तो केला नाही.

मग आम्ही देवाने सोडण्याची वाट पाहू लागलो. पाडव्याला मिस्त्रींनी मोटार अंगणातच चालू करून ठेवली. पेटी कोमट झाली, शेंदराला चकाकी आली, एक बारीक रेघ कडेने ओघळली. काकू शेजारी पाटावर बसून होती. इंजिन बंद केले, शेंदूर पुन्हा घट्ट झाला. संध्याकाळी तिने काकांना ओवाळले, तेव्हा निरांजन गेलेल्या डोळ्याच्या बाजूला गेले की काकांची नजर समोरच थांबून राही. ते तिने पाहिले. मीही पाहिले. काका म्हणाले, “आज दिवा मंद हाय का?” तिने “हो” म्हटले.

भाऊबीजेच्या सकाळी मिस्त्री पुन्हा आले. दमणीवाल्याला निरोप गेलेलाच होता. तो बैल घेऊन कधीही येईल. मिस्त्रींनी शेवटचा प्रयत्न म्हणून इंजिन सुरू केले. बराच वेळ ते घरघरत राहिले. काका नवे धोतर, कोट, फेटा अशा पोशाखात ओसरीवर तयार बसले होते आणि आवाज ऐकत होते. प्रत्येक चढउतारावर त्यांचा उजवा पाय जागच्या जागी दाबला जात होता.

काकू तो पाय पाहत होती. एकाएकी ती आत गेली आणि पूजेची पळी घेऊन बाहेर आली. मिस्त्रींना तिने हातानेच बाजूला सारले, गुडघे टेकून मोटारीत वाकली, आणि पळीचा दांडा शेंदराच्या कडेत खुपसला. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती; शब्द मला कळले नाहीत. थर जाड होता. दोन वेळा पळी घसरली. तिसऱ्यांदा तो उंचवटा सबंध, टोपीसारखा, निघून तिच्या हातात आला, आणि बोंडातून लांब, बारीक सुस्कारा निघाला. तो इतका वेळ चालला की मिस्त्रींनी कानाची पाळी धरली.

“या अल्ला,” ते म्हणाले. “केवढं कोंडून ठेवलं होतं बिचारीनं.”

काकूने शेंदराची टोपी पदरात घेतली. तिची बोटे लाल झाली होती. “मास्तर,” ती मला म्हणाली, “तू शेजारी बस. दोनी बाजू नीट सांगजो. डोये झाकू नको.” दोघांपुरत्या मोटारीत तिला जागा नव्हतीच.

केनवडची वाट पाच-सहा कोसांची असेल. पहिला अर्धा भाग सुरेख गेला. सकाळचे ऊन कोवळे होते, दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, आणि मी शाळेत हजेरी घ्यावी तसा एकेक वस्तू मोठ्याने सांगत होतो. “डावीकडे बाभूळ. उजवीकडे दोन माणसं, दूर आहेत. समोर मोरी.” काका गुणगुणत होते. चढावर मोटार ओरडली नाही. पकड शाबूत होती.

मोरी ओलांडल्यावर डावीकडच्या शेतांतल्या पांदणीतून कापसाची गाडी बाहेर आली. मी त्याच क्षणी उजवीकडचा एक गुराखी सांगत होतो. मला ती दिसली तेव्हा बैलाचे तोंड मोटारीच्या नाकाला भिडत होते. मी काय ओरडलो ते आठवत नाही. काकांनी दोन्ही पाय दाबले. मोटार तिरकी होऊन थांबली; गाडीची दांडी दिव्याच्या काचेपासून वीतभर अंतरावर होती. बैल फुसकारत मागे सरले, कापसाची दोन बोचकी खाली पडली.

“काय हो भाऊ!” गाडीवान ओरडला. “डोये घरी ठेवून आले का?”

काकांनी आवाजाच्या अंदाजाने तोंड वळवले. तो गाडीवान दुसऱ्या बाजूला उभा होता.

“हो रे बाबू,” ते शांतपणे म्हणाले. “घरीच राह्यले.”

मी उतरून बोचकी चढवून दिली. पुढचा रस्ता काकांनी चालत्या माणसाच्या वेगाने काढला. आता ते गुणगुणत नव्हते, आणि मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर फक्त “हं” म्हणत होते. केनवडच्या वेशीवर मात्र त्यांनी भोंगा वाजवला. तीन वेळा, नेहमीसारखा.

आत्याने ओवाळताना तबक एका बाजूला नेले आणि तिला काय ते उमगले. तिने तबक बरोबर त्यांच्या नाकासमोर आणून स्थिर धरले आणि पुष्कळ वेळ तसेच ठेवले.

“दिसून राह्यली का मी?”

“दिसली. म्हातारी झाली वं तू.”

“तू तं जसा नवरदेवच हाय अजून,” आत्या म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावायला उठून आत गेली.

जेवणे झाल्यावर काका मला घेऊन मोटारीपाशी आले. “खाली पाय. गयली का?”

मी वाकून पाहिले. धूळ स्वच्छ होती. तसे सांगितले.

“चांगलं पाय.”

“कोरडं आहे, काका.”

ते स्वतः खाली बसले, नव्या धोतरानिशी, आणि हात मोटारीच्या पोटाखाली घालून जमीन चाचपू लागले. पुढपासून मागपर्यंत. मग धुळीची चिमूट नाकाशी नेली. त्यांना उठवायला मी हात दिला तो त्यांनी घेतला. एरवी ते घेत नसत.

“चांगली झाली,” ते म्हणाले. “मिस्त्रीले सांगजो, इथून घेऊन जाय म्हनून. सवडीनं. आन् आत्याच्या गड्याले म्हन, बैल जुप.”

मी त्यांना काहीतरी समजावू पाहिले. सावकाश जाऊ, वाट मोकळी असेल, मी एकही वस्तू सोडणार नाही, अशा स्वरूपाचे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. “तो बैल होता म्हनून ठीक झालं,” एवढेच म्हणाले.

दमणी रिसोडात शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू ओट्यावर उभी होती. ती भोंग्याकडे कान लावून बसली असणार, आणि तिला ऐकू आली होती ती घुंगरे. काका उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले आणि आत गेले.

काकूने अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहिले. “गयली ना शेवटी?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मले वाटलंच होतं. नव्हता काढायचा मी.”

“नाही काकू,” मी म्हणालो. “जाताना नाही, तिथं उभी होती तेव्हाही नाही. काकांनी हात लावून पाहिलं. एक थेंब गळला नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “मंग...” ती म्हणाली आणि थांबली.

आतून भिंतीवर हात घासल्याचा आवाज येत होता. काका कोनाड्यातला पाण्याचा तांब्या शोधत होते. तो रोजच्या जागी, त्यांच्या हातापासून थोडा डावीकडे होता. काकू आत गेली, आवाज न करता तांब्या उचलून तिने त्यांचा हात जेथे येणार होता तेथे ठेवला, आणि हाताला तांब्या लागेपर्यंत तेथेच उभी राहिली.